गव्हाएवढं पुढं, तांदळाएवढं मागं

कोल्हापुरात एखादा माणूस तळ्याकाठी गप्प उभा दिसला, की त्याची चौकशी करणं हे नागरिकाचं पहिलं कर्तव्य समजतात. हातात गळ असेल तर हरकत नाही, मासे धरतोय. हात जोडलेले असतील तरी हरकत नाही, काहीतरी पुटपुटत असेल. पण हातात फूटभर लांबीची काळी नळी, नळीच्या बुडाला तळहातात मावेल एवढा कॅमेरा, एक डोळा मिटलेला आणि वर तोंडही मिटलेलं, म्हणजे मामला गंभीर. रंकाळ्याच्या पदपथावर सकाळचं फिरायला आलेली तीन-चार मफलरं जागच्या जागी थांबतात.

"काय बघायलायसा?"

"पाणकावळा."

"कुठाय?"

"त्या खांबावर. पंख पसरून बसलाय बघा."

"ह्यो होय! कावळाच बघायचा तर आमच्या गच्चीवर या की. रोज येतोय."

मग दुसरं मफलर विचारतं, "केवढ्याला पडला?" तिसऱ्याला यातनं पन्हाळा दिसतो का ते पाहायचं असतं. चौथं काही न विचारता सरळ पुढ्यात येऊन उभं राहतं, कारण कुठं फोटो निघत असेल तर त्यात आपण असावं ही या गावाची जुनी सवय आहे. इथं सिनेमे निघत होते तेव्हापासूनची.

एवढ्या सगळ्यात पाणकावळा उडालेला नसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पक्ष्यांचे फोटो काढायचे तर लांबचं जवळ आणणारी लेन्स पाहिजे, आणि नव्या ६०० मिमीच्या लेन्सची किंमत सांगण्याआधी दुकानदार गिऱ्हाइकाला खुर्ची देतो. खुर्चीवर बसून ज्यांनी किंमत ऐकली आणि पाणी पिऊन जे परत आले, त्या पंथाचा मी. या पंथाचे लोक जुन्या लेन्सांकडं वळतात. फिल्मचा जमाना गेला तशा या लेन्सा माळ्यावर, ट्रंकेत, नाहीतर एखाद्या मामाच्या कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्यांबरोबर पडून राहिल्या. माझीही तशीच मिळाली: ४०० मिमी, एफ ५.६, वजनाला भक्कम, सगळी धातूची, फोकसची रिंग फिरवताना तेलपाणी केलेल्या यंत्राचा गुळगुळीतपणा. अडचण एवढीच, की ती ज्या कॅमेऱ्यासाठी जन्मली तो कॅमेरा आता नाही, आणि माझा कॅमेरा मिररलेस.

मिररलेसचं सगळं मर्म पोकळीत आहे. जुन्या एसएलआरच्या पोटात एक आरसा असायचा. बटण दाबलं की तो खटकन वर उडायचा. त्याला उडायला जागा हवी म्हणून लेन्सचं बूड आणि फिल्म यांच्यात बऱ्यापैकी अंतर ठेवावं लागे. ४२ मिमी आट्यांच्या लेन्सांना हे अंतर ४५.४६ मिमी, निकॉनच्या एफ माउंटला ४६.५, कॅननच्या ईएफला ४४. आरसा काढून टाकला आणि ही अंतरं धाडकन खाली आली. सोनीच्या ई माउंटला १८, कॅननच्या आरएफला २०, निकॉनच्या झेडला १६. म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची तर मधे जेवढी जागा उरते तेवढ्या जाडीचं एक कडं घालायचं, झालं. कड्यात भिंग नाही, तार नाही, काही नाही. एका बाजूला जुने आटे, दुसऱ्या बाजूला नवी खाच, मधे हवा. या हवेची जाडी मात्र पक्की पाहिजे. माझ्या जोडीला ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६.

घरबसल्या मागवलेलं कडं आलं, बसवलं, आणि लांबचं काही म्हणजे काही स्पष्ट होईना. फोकसची रिंग शेवटाला जाऊन टेकायची आणि पलीकडच्या काठावरची झाडं धुक्यातच राहायची. धुकं तर नव्हतं. कडं जाड होतं. अशा वेळी इतर गावचा माणूस वस्तू परत पाठवतो. कोल्हापूरचा माणूस उद्यमनगरात जातो.

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिथल्या बोळातनं चालताना पायाखाली लोखंडाचा कीस कुरकुरतो आणि दर दुसऱ्या दारातल्या माणसाचा ठाम विश्वास असतो, की जगात बनलेली कुठलीही वस्तू इथं पुन्हा बनवता येते, फक्त नमुना द्या. माझ्या ओळखीच्या मेस्त्रींनी कडं हातात घेतलं आणि त्यातनं माझ्याकडं बघितलं.

"भिंग कुठाय ह्याचं?"

"भिंग नसतंय त्यात."

"मग पैसे कशाचे दिलासा?"

"मधल्या पोकळीचे."

मेस्त्रींनी शेजारच्या लेथवरच्या पोराकडं बघितलं. पोरानं मान खाली घातली आणि उगाचच जॉब पुसायला घेतला.

व्हर्निअर लागलं. सत्तावीस पॉइंट नव्वद. किती पाहिजे? सत्तावीस पॉइंट सेहेचाळीस. "सेहेचाळीस?" मेस्त्री म्हणाले, "पन्नास का न्हाई?" मी सांगितलं, आटे जर्मनांचे आहेत, १९४९ साली ड्रेस्डेनला काँटॅक्स एस नावाचा कॅमेरा निघाला त्या वंशातले. "जर्मन म्हणजे बरोबर असणार," असं म्हणून त्यांनी कडं चकात धरलं. मग हात थांबवला.

"जरा इकडंतिकडं झालं तर?"

"जास्त राहिलं तर लांबचं दिसत न्हाई."

"आणि कमी झालं तर?"

"मग लांबच्या पलीकडंबी जातंय."

"लांबच्या पलीकडं काय हाय?"

"काय न्हाई. लांबच्या टोकाला अनंत म्हणतात. त्याच्या पलीकडं."

मेस्त्रींनी क्षणभर विचार केला. "मग कमीच करतो. अनंताच्या पलीकडं जागा शिल्लक असलेली बरी."

हसू नका. कडी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही हेच करतात. केसभर पातळच ठेवतात, म्हणजे अनंत निश्चित हाताशी येतं. मेस्त्रींना ते कुणी शिकवलं नव्हतं. ॲल्युमिनियमची बारीक कात सुटली, फेसिंग झालं, कडं पुसून माझ्या हातात आलं. पैसे विचारले तर म्हणाले, "ह्याचे काय घ्यायचे? पोकळी तुमचीच हुती की."

मग चहा आला, आणि चहाबरोबर बाबूराव पेंटर आले. कोल्हापुरात कॅमेऱ्याचा विषय निघाला आणि ते आले नाहीत असं होतच नाही. "बाबूराव म्हणजे मूळचे मेस्त्रीच," आमचे मेस्त्री जरा ताठ बसून म्हणाले. ते खरंच आहे. घराण्याचं आडनाव मेस्त्री, पेंटर हे कामावरून चिकटलेलं. आनंदराव आणि बाबूराव या दोघांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब उतरला, की बघणाऱ्यांची पाचावर धारण बसली आणि तो तुकडा कापावा लागला. चित्र गरजेपेक्षा जास्त शार्प आलं म्हणून कापल्याचं उदाहरणही म्हणजे कोल्हापूरचंच. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्याच्यावरनं जाताना माझ्या पिशवीतलं ते कडं मला थोडं थोर वाटतं. फरक एवढाच, की बाबूरावांनी 'पड' म्हटल्यावर कीचक पडायचा आणि 'ऊठ' म्हणेपर्यंत पडलेलाच राहायचा. खंड्याशी असा करार करता येत नाही.

इतकी यातायात करून लेन्स बसली, की कॅमेरा पडद्यावर पहिलं वाक्य काय दाखवतो? लेन्स जोडलेली नाही. एवढी सव्वा-दीड किलोची वस्तू त्याच्या नाकाला लोंबतेय आणि हा म्हणतो, नाही. जुन्या लेन्सला तारा नसल्यामुळं तिची ओळख पटत नाही. हल्ली कागदपत्रांशिवाय कुणाचीच पटत नाही. मग आत शिरून 'लेन्स नसली तरी शटर सुटू दे' असा अर्ज करावा लागतो. त्यानंतर हात थरथरला तर सेन्सर उलटा हलवून सावरणारं जे यंत्र कॅमेऱ्यात असतं, त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, की बाबा, ही ४०० ची आहे. नाही सांगितलं तर ते आपल्या समजुतीनं सावरत बसतं, आणि सेन्सर छोटा असला की ४०० ची लेन्स ६०० सारखी बघते, म्हणजे थरथरही तेवढीच फुगून दिसते.

ऑटोफोकस तर विसराच. त्याऐवजी मिररलेसमध्ये एक सोय असते: जिथं फोकस बसलाय त्या कडांवर रंगीत रेघा उमटतात. रंग आपण निवडायचा. माझ्या कॅमेऱ्यात तांबडा, पांढरा आणि पिवळा होते. कोल्हापूरकर म्हणून पहिल्या दोहोंतच काय तो विचार केला, पिवळ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. तांबडा लावला. रंकाळ्यावर कॅमेरा रोखल्याबरोबर केंदाळ तांबडं झालं, त्यात अडकलेली प्लास्टिकची बाटली तांबडी झाली, काठावरचं गवत पातं न् पातं तांबडं झालं. केंदाळावर जी जांभळी पाणकोंबडी निवांत चालत होती, तिच्यावर एक रेघ उमटेल तर शपथ. या रेघांना पक्ष्यात रस नसतो. त्यांना कड लागते, आणि बाटलीला पाणकोंबडीपेक्षा चांगली कड असते. पक्ष्याच्या अंगावर पिसं. पिसं म्हणजे मुळातच मऊ प्रकरण.

तेव्हा शेवटी डोळ्याशी चित्र मोठं करून, रिंग हातानं फिरवून, पक्ष्याचा डोळा गाठावा लागतो. चोच धारदार आणि डोळा धूसर आला तर तो फोटो वाया. उलट शेपटी पार विरघळली पण डोळ्यात उजेडाचा ठिपका चमकला, तर सगळे वा म्हणतात. आणि ही फोकसची चकती किती जाड? ४०० मिमी, एफ ५.६, पक्षी दहा मीटरवर असेल तर जेमतेम १४ सेंटिमीटर. पाच मीटरवर आला, की साडेतीन. राखी बगळा चोचीपासून शेपटीपर्यंत जवळजवळ मीटरभर भरतो. म्हणजे तो समोर तोंड करून उभा असला, की त्याचा नेमका कुठला भाग इतिहासात जमा करायचा हे आधी ठरवून यावं लागतं.

रंकाळ्याच्या नंदीची आख्यायिका गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो; ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. लहानपणी ऐकताना वाटायचं, देवाला हे असलं बारीक काम कुणी सांगितलं? जुन्या लेन्सची रिंग हातात आल्यापासून मला त्या नंदीबद्दल फार आपुलकी वाटते. गव्हाएवढं पुढं, चोच दिसते. तांदळाएवढं मागं, मान दिसते. पुन्हा गव्हाएवढं पुढं, आता डोळा येणार, येणार, आला, आणि तेवढ्यात प्रलय होऊन खांब मोकळा.

यावर शहाण्यांचा उपाय असा, की पक्ष्याच्या मागं रिंग घेऊन धावायचं नाही, खांबावर फोकस लावून ठेवायचा. कवड्या खंड्या याला फार योग्य. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली सूर मारतो, आणि मासा मिळो न मिळो, बहुधा त्याच वाळक्या फांदीवर परत येऊन बसतो. फांदी हलत नाही, ती नाव-गाव विचारत नाही. तिच्यावर सावकाश फोकस बसवावा, शटर हजारांश सेकंदाला न्यावं, उडतानाचा पाहिजे तर दोन हजारांशला, आणि बोट बटणावर ठेवून थांबावं. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. ते चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतं, आणि ओळी वाचून होईपर्यंत पंख कुठल्या कुठं गेलेला असतो. फोटोत खंड्याचा पंख कोपरात मोडल्यासारखा येतो आणि दाखवल्यावर लोक हळहळतात.

आमच्या गल्लीतल्या अण्णांना यातलं काही करावं लागत नाही. त्यांच्याकडं खुर्चीवर बसून किंमत ऐकण्याची लेन्स आहे, आणि ती त्यांनी घेतलीही आहे. त्यांचा कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः हुडकून त्यावर चौकोन काढतो आणि सेकंदाला वीस फोटो हाणतो. एका सकाळीत अण्णा एका बगळ्याचे हजारांत फोटो घेऊन घरी येतात. बगळा त्यात एक पाय उचलतो आणि खाली ठेवतो. मग रात्री जेवणं झाल्यावर अण्णा त्यातला सर्वांत शार्प निवडायला बसतात. वहिनींचं मत मला एकदा दारातच ऐकायला मिळालं: "भावजी, त्यो बगळा तिकडं झोपला असंल की आता, मग ह्यांनी का जागायचं?"

अण्णांच्या आणि माझ्या लेन्सला समसमान झोपवणारी एकच गोष्ट कोल्हापुरात आहे, ती म्हणजे दहा वाजल्यानंतरचं ऊन. जमीन तापली, की तिच्यावरची हवा थरथरायला लागते. नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण लांबच्या लेन्सला त्या थरथरीपलीकडचंच सगळं बघायचं असतं. मग पलीकडच्या काठावरचं हळदी-कुंकू बदक लाखाच्या लेन्समध्येही चुरगळलेलंच दिसतं, आणि माणूस फोकसला, कड्याला, मेस्त्रींना, कुणाकुणाला बोल लावत बसतो. याला इलाज आणखी लांबची लेन्स हा नाही. मधली हवा कमी करणं, म्हणजे पक्ष्याच्या जवळ जाणं, हाच आहे.

जवळ जाण्याच्या या शास्त्रापायी आम्ही कळंब्याला गेलो. कळंब्याचा तलाव पक्ष्यांना चांगला आहे. पण कळंबा म्हटल्यावर कोल्हापुरात कुणाच्या मनात पहिल्यांदा तलाव येत नाही. मध्यवर्ती कारागृह येतं. त्या वाटेवर, फाट्याच्या अलीकडं, मी नळी काढून कडं घट्ट बसलंय का ते बघत होतो. एक दुचाकी थांबली. गृहस्थ चेहऱ्यावरनं सहृदय होते. आवाज खाली आणून म्हणाले, "आत कोण हाय काय तुमचं?"

"न्हाई, टिबुकल्या आहेत म्हणं. त्या बघायला चाललोय."

"असू दे," ते म्हणाले, "किती वर्षं लागली?"

पुस्तकांत लिहिलेलं असतं, की जवळ जायचं तर पक्ष्याला आपण दिसता कामा नये. अण्णांनी पुस्तकाप्रमाणं सगळं केलं. पानापानांचं नक्षीकाम असलेला शर्ट, तसलीच पँट, टोपी, तोंडाला जाळी, लेन्सलाही त्याच कापडाचा अंगरखा. पंचगंगेच्या काठी पोचल्यावर ते ऊस आणि बांधाच्या मधनं पोटावर सरपटू लागले. काठावर धुण्याच्या दगडांपाशी बायका कपडे आपटत होत्या, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं चाललं होतं, पोरं पाण्यात उड्या मारत होती, आणि त्या सगळ्या कालव्यात दहा-पंधरा बगळे व दोन शेकाट्या आपलं पोट भरत होते. अण्णा पहिल्या दोन मीटरांतच दिसले. बगळ्यांनी माना ताठ केल्या. आणखी मीटरभर, आणि सगळा काठ एकदम उठून पलीकडं गेला. धुण्याच्या दगडावरनं एक आवाज आला, "अगं बाई, कोण पडलंय बघा तिकडं!"

तिथं मला त्या पहिल्या पाणकावळ्याचा उलगडा झाला. इथले पक्षी गलक्याला भीत नाहीत. जन्मापासून ते कोल्हापूरकरांचा आवाज ऐकत आलेत. त्यातनं काही निष्पन्न होत नाही, हे त्यांना माहीत आहे. चालणारा, बोलणारा, भांडणारा माणूस पक्ष्याच्या लेखी निरुपद्रवी. भीती वाटते ती दबून, टक लावून, सरळ रेषेत जवळ येणाऱ्याची, कारण बोका तसाच येतो आणि शिकारीही तसाच येत असे. पदपथावरच्या मफलरांमधे उभं राहून मी काढलेले फोटो एकट्यानं दडून काढलेल्या फोटोंपेक्षा सरस आले होते. श्रेय मी इतके दिवस कड्याला देत होतो. 'वंचक' नावाचा आपला साधा ढोकरी बगळा माणसाला दोन हातांवर येऊ देतो, फक्त माणसानं दुसरीकडं बघत, शेजारच्याशी उसाच्या दराबद्दल बोलत चालायचं. थांबायचं मात्र तोंडानं 'आयला' म्हणत, सहज थांबल्यासारखं.

दडायचंच असेल तर कशाआड, याचा शोध दोघा इंग्रजांनी फार पूर्वी लावला होता. यॉर्कशरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन. १८९५ साली त्यांनी पक्ष्यांच्या घरट्यांवर पुस्तक काढलं, ते सगळं प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या फोटोंचं. पण खरा कहर पुढचा. त्यांनी बैलाचं कातडं आणलं, आत सांगाडा घातला, भोक पाडून त्यातनं लेन्स बाहेर काढली, आणि एका भावानं बैलाच्या पोटात शिरून उभं राहायचं असं ठरवलं. आतल्या माणसाला एकदा भोवळ आली आणि बैल पाय वर करून आडवा झाला. त्या आडव्या बैलाचा फोटो आहे. तो काढणाऱ्यानं आतल्या माणसाला नक्की फोटोच्या आधी बाहेर काढलं की नंतर, हा प्रश्न फोटो काढणाऱ्यांच्या घरात विचारू नये.

हे मी काठावर अण्णांना सांगत होतो, ते कपड्यांवरचं गोखरू उपसत होते, आणि आमच्या मागनं म्हशी आल्या. पंधरा-वीस म्हशी, मागं गवळी मामा, हातात काठी, कानाला फोन. म्हशी पाण्याकडं उतरल्या तसे पलीकडं गेलेले बगळे एकेक करून परत आले, आणि त्यांतले गायबगळे थेट म्हशींच्या पायांत घुसले. म्हशीच्या खुरांनी गवतातले किडे उडतात, ते यांचं जेवण. एक तर पाठीवरच चढला. शेजारच्या म्हशीवर कोतवाल बसला, काळ्यावर काळा, नुसती दुभंगलेली शेपटी दिसत होती. कीर्टन बंधूंना कातडं सांगाड्यावर चढवून जे करावं लागलं, ते इथं चालतं-बोलतं, दूध देणारं समोर उभं होतं.

मामांना विचारून मी एका म्हशीच्या आडोशाला गेलो आणि तिच्या पुढच्या म्हशीवर नळी रोखली. सहा-सात मीटर अंतर. हवा मधे नाहीच म्हणायची. बगळ्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मला म्हशीत धरलं. आता प्रश्न उजेडाचा. काळी कुळकुळीत म्हैस आणि तिच्यावर पांढरा शुभ्र बगळा, याहून अवघड जोडी कॅमेऱ्याला देऊ नये. म्हैस बघून कॅमेरा उजेड वाढवतो, की बगळा जळून नुसता पांढरा कागद होतो. बगळा सांभाळावा, तर म्हैस अंधार होते. पावसाळ्यात याच बगळ्याचं डोकं आणि मान केशरी होते, तेव्हा निदान बगळा कुठं संपतो ते कळतं. मी बगळ्याच्या बाजूनं निर्णय घेतला, उजेड खाली आणला.

"सायेब, म्हस काळी येईल की," मामा माझ्या खांद्यावरनं पडद्यात बघत म्हणाले.

"म्हैस काळीच आहे मामा."

"काळी हाय, पर अशी न्हाई. जरा उजेड टाका तिच्यावर."

म्हशीच्या मालकाच्या शब्दाला काठावर वजन असतं. उजेड थोडा वर नेला. तांबड्या रेघा म्हशीच्या पाठीवरच्या केसांवर उमटल्या, शिंगाच्या वळ्यांवर उमटल्या, कानातल्या केसांवरदेखील उमटल्या. गव्हाएवढं पुढं, तांदळाएवढं मागं. म्हैस हलत नव्हती, मामा हलत नव्हते, अण्णासुद्धा श्वास धरून होते. बटण दाबलं.

मामांनी कॅमेरा हातात घेतला, मी दाखवलेलं बटण दाबून चित्र मोठं केलं आणि म्हशीचा एकेक भाग नीट तपासला. शिंगं. डोळा. पापणीचा केस न् केस. फोनवरच्याला "थांब जरा" म्हणाले.

"लई भारी आलीया! नाद खुळा! दिवाळी पाडव्याला हिला रंगवून सजवून गाडीमागनं पळवत न्यायची हाय, गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लावतोय तवा. ह्योच फोटो लावायचा, मोठा, हिच्याएवढा." मग त्यांनी चित्र थोडं वर सरकवलं, डोळे बारीक केले, बोटानं पडदा पुसला. पुन्हा पुसला. "सायेब, तेवढं हिच्या पाठीवर पांढरं काय तर लागलंय, ते काढून द्या."